वाचक विचारतात : सेझिंब्राच्या पाण्यातलं लोखंड, अर्थात नुमान्सियाची गोष्ट

मंडळी, या महिन्यात एकाच जहाजावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. मागच्या अंकात स्पेनच्या नुमान्सिया नावाच्या चिलखती युद्धनौकेवर फक्त चार ओळींचं उत्तर दिलं होतं, पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ही पहिली चिलखती नौका, पक्ष्यांच्या विष्ठेवरून झालेल्या युद्धात लढून सहीसलामत परत गेली, आणि तिच्यावरचं शेवटचं बंड, एवढंच काय ते सांगितलं होतं, आणि त्यावर पत्रं नि मेसेज यायला लागले. त्यातले निवडक घेतलेत, काही प्रश्न छोटे आहेत त्यांची उत्तरं पण छोटीच.

प्रश्न : मी मूळचा मडगावचा, सध्या नोकरीसाठी लिस्बनला असतो. मागच्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर सेझिंब्राला गेलो होतो, तिथे डायव्हिंगवाला म्हणाला की किनाऱ्याजवळच एक स्पॅनिश युद्धनौका पडलीय, पूर्ण जगाला चक्कर मारून आलेली. आम्हाला वाटलं टुरिस्ट लोकांना सांगायची गोष्ट असेल. खरंच आहे का हे? आणि स्पेनची नौका पोर्तुगालच्या बीचवर कशी आली?

शंभर टक्के खरं आहे, आणि तुमच्या पत्रानेच हे सगळं सुरू झालं त्याबद्दल तुमचे आभार. तुम्ही पोहलात त्याच्या जवळच कुठेतरी ती आहे, उथळ पाण्यात, म्हणून तर डायव्हर लोकांना सोपी पडते.

शेवट आधी सांगतो. १९१२ साली स्पेनच्या आरमाराने तिला यादीतून काढलं, तेव्हा तिला पाण्यात उतरवून जवळपास ४९ वर्षं झाली होती. १९१६ मध्ये ती भंगारात विकली गेली. कादिझकडून उत्तरेला बिल्बाओला न्यायची आणि तिथे तोडायची असं ठरलं, स्वतःच्या इंजिनावर जायची ताकद तिच्यात उरली नव्हती त्यामुळे दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढत न्यायचं. म्हणजे अख्ख्या पोर्तुगालच्या किनाऱ्याने वर जायचं, तेही डिसेंबरात, अटलांटिक सगळ्यात जास्त खवळलेला असतो तेव्हा. व्हायचं तेच झालं. १७ डिसेंबर १९१६ ला सेझिंब्राजवळ ती किनाऱ्याला लागली आणि तिथेच राहिली. तोडणाऱ्यांच्या हाती ती धड लागलीच नाही, समुद्रानेच हळूहळू तोडली.

जन्म मात्र फ्रान्समधला. तुलाँजवळ ला सेन म्हणून गाव आहे, तिथल्या गोदीत १८६१ मध्ये काम सुरू झालं, १९ नोव्हेंबर १८६३ ला पाण्यात उतरवली आणि १८६४ च्या डिसेंबरात तयार होऊन स्पेनच्या ताब्यात आली. लांबी साधारण ९६ मीटर, वजन सात हजार टनांच्या वर, तीन डोलकाठ्या, पूर्ण शिडं आणि शिवाय वाफेचं इंजिन. दोन्ही बाजूंना ओळीने ६८ पाउंडी तोफा (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या), एकूण ४०. नाव कुठून आलं तर स्पेनमध्ये आजच्या सोरिया शहराजवळ नुमान्सिया नावाचं जुनं गाव होतं, ख्रिस्तपूर्व १३३ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने भोवती भिंत आणि खंदक घालून ते उपाशी पाडलं, आणि बऱ्याच लोकांनी शरण जाण्यापेक्षा मरण पत्करलं. स्पेनमध्ये शाळेतल्या पोरालाही ही गोष्ट माहीत असते.

प्रश्न : चिलखती म्हणजे नक्की काय? नुसती लोखंडाची बोट की वरून पत्रा ठोकलेली? आणि एवढं लोखंड तरंगतं कसं? (सांगलीहून, इयत्ता नववी)

तरंगण्याचं आधी उरकतो. घरातली लोखंडी कढई बादलीत ठेवून बघ, तरंगते, तीच चेपून गोळा केलीस तर बुडेल. आकाराने किती पाणी बाजूला सारलं जातं त्यावर सगळं आहे, धातू कुठला त्यावर नाही.

आता चिलखत. नुमान्सियाचा सांगाडाच लोखंडाचा होता आणि त्यावर बाहेरून घडीव लोखंडाचे जाड पत्रे, कमरेच्या पट्ट्यासारखे, पाण्याच्या रेषेजवळ १३ सेंटिमीटर जाड. तुझी वीत मोजून बघ म्हणजे कळेल, जवळजवळ पाऊण वीत सलग लोखंड. पण खरी गंमत पत्र्याच्या मागे आहे. पत्रा आणि सांगाडा यांच्या मध्ये लाकडाचा जाड थर असायचा. त्याचं काम म्हणजे धक्का पिऊन टाकायचा, कारण नुसत्या लोखंडावर लोखंड बोल्टने आवळलं तर गोळा बसल्यावर बोल्टच तुटून आत बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. या लाकडाने पुढे नुमान्सियाला वाचवलं, ते खाली येईलच.

ही सगळी टेक्नॉलॉजी तेव्हा एकदम ताजी होती. फ्रान्सची ग्लुआर १८५९ ची, इंग्लंडची वॉरियर १८६० ची. १८६२ मध्ये फ्रान्सची नॉर्मांदी मेक्सिकोकडे अटलांटिक ओलांडून गेली तर त्याचंच कौतुक झालं होतं. चिलखती जहाज म्हणजे किनाऱ्याजवळची जड म्हैस, खुल्या महासागरात ती पालथी होईल किंवा कोळसा संपून अडकेल असं भल्याभल्या दर्यावर्दींना वाटायचं. अशा वेळी स्पेनने आपली नवी कोरी नौका थेट पॅसिफिकला पाठवली.

प्रश्न : पक्ष्यांच्या विष्ठेवरून युद्ध झालं असं तुम्ही लिहिलंत. हे जरा अतिरंजित नाही वाटत का?

नाही वाटत, आणि जो माणूस शेती करतो त्याला तर बिलकूल वाटणार नाही. कोंबडखताची ट्रॉली आजकाल काय भावाने पडते विचारा.

पेरूच्या किनाऱ्यासमोर चिंचा नावाची छोटी बेटं आहेत. तिथे थंड प्रवाहामुळे मासे भरपूर, माशांमुळे समुद्रपक्षी लाखोंनी, आणि पाऊस जवळजवळ शून्य. पाऊस नाही म्हणजे विष्ठा धुऊन जात नाही, त्यातला नायट्रोजन तसाच राहतो, हजारो वर्षांचा थर साचून तो कितीतरी मीटर उंच झाला होता. त्याला ग्वानो म्हणतात. कारखान्यातला युरिया यायला अजून कित्येक वर्षं होती, त्यामुळे युरोपातल्या शेतांना हे खत म्हणजे सोनं, आणि पेरू सरकारचं निम्म्याहून जास्त उत्पन्न एकट्या ग्वानोवर चालायचं. ते खणायला चीनमधून करारावर आणलेले मजूर होते, त्या धुळीत त्यांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत.

१८६३ मध्ये पेरूतल्या एका मोठ्या जमीनदारीवर आलेल्या स्पॅनिश लोकांशी मारामारी झाली, त्याचं निमित्त, जुन्या कर्जाचं निमित्त, आणि १४ एप्रिल १८६४ ला स्पेनच्या आरमाराने ती बेटंच ताब्यात घेतली. पेरूचा गळाच धरला म्हणा ना. नंतर १८६५ च्या जानेवारीत तह झाला पण तो पेरूच्या लोकांना मान्य नव्हता, तिथलं सरकार उलथलं, चिली पण लढाईत उतरला, पुढे इक्वेडोर आणि बोलिव्हिया त्यांच्या बाजूला आले. जुनी मालक असलेली स्पेन एकीकडे आणि चाळीस वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेली पोरं दुसरीकडे.

नुमान्सिया ४ फेब्रुवारी १८६५ ला कादिझहून निघाली, कप्तान कास्तो मेन्देझ नुन्येझ. केप व्हर्दे, माँतेव्हिदेओ, मग मॅगेलनची सामुद्रधुनी. वाटेत कोळसा पुरवायला बरोबर वेगळी बोट होती. एप्रिलच्या शेवटी वालपराइसो आणि मेच्या सुरुवातीला पेरूचं कयाओ बंदर, नकाशात तुम्हाला कॅलाओ असं सापडेल. पालथी झाली नाही, कोळसाही संपला नाही.

प्रश्न : माझ्या मुलीच्या पेरूच्या मैत्रिणीने सांगितलं की २ मे हा त्यांचा विजयदिवस आहे, स्पेनला हरवलं म्हणून. तुम्ही तर लिहिता स्पेनची नौका सहीसलामत परत गेली. मग जिंकलं कोण? (पुण्याहून)

दोघंही जिंकलो म्हणतात! लिमामध्ये दोस दे मायो, म्हणजे २ मे, नावाचा मोठा चौक आणि विजयस्तंभ आहे, आणि माद्रिदच्या ऐन मध्यवस्तीत कयाओ चौक आहे, मेट्रोचं स्टेशन पण आहे त्या नावाचं. एकाच दुपारची दोन स्मारकं.

त्याआधीचं सांगायला हवं. नोव्हेंबर १८६५ मध्ये चिलीच्या एस्मेराल्दाने स्पेनची कोवादोन्गा ही छोटी नौका पकडली, त्या अपमानाने स्पेनचा ॲडमिरल पारेहा याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मग सगळी सूत्रं मेन्देझ नुन्येझकडे आली. ३१ मार्च १८६६ ला त्याने माद्रिदच्या हुकमावरून वालपराइसोवर तोफा डागल्या, आणि हे बंदर असं होतं की ज्याच्या बचावाला धड एक तोफ नव्हती. तीन तास गोदामं आणि इमारती जळत होत्या. नुमान्सियाने फक्त सुरुवातीचा इशारा दिला, प्रत्यक्ष मारा बाकीच्यांनी केला, पण ताफ्याचा प्रमुख तिच्यावरच होता त्यामुळे ती यातून सुटते असं मी म्हणणार नाही. इंग्रज आणि अमेरिकन युद्धनौका तिथे उभ्या होत्या, अडवू असं म्हणत होत्या, शेवटी बाजूला झाल्या. याच सुमाराचं मेन्देझ नुन्येझचं ते प्रसिद्ध वाक्य आहे, जहाजं गेली तरी चालतील पण अब्रू राहू दे, अब्रू घालवून जहाजं नकोत, अशा अर्थाचं. स्पेनमध्ये ते आजही कोरून ठेवतात. मला विचाराल तर निशस्त्र गावावर मारा केलेल्या महिन्यांत अब्रूची गोष्ट काढणं मला फार जड जातं, पण कयाओला तो माणूस स्वतः उघड्यावर उभा राहिला हेही तितकंच खरं.

तर २ मे १८६६. कयाओला मात्र पेरूची तयारी जबरदस्त होती, आर्मस्ट्राँगच्या ३०० पाउंडी आणि ब्लेकलीच्या ४५० पाउंडी तोफा, त्यातल्या काही लोखंडी बुरुजात बसवलेल्या. समोर स्पेनच्या सात नौका, त्यात चिलखत फक्त एकीला, बाकी सगळ्या लाकडी. दुपारच्या सुमारास नुमान्सियाने पहिली तोफ डागली आणि संध्याकाळी पाचपर्यंत चाललं.

लाकडी नौकांचे हाल बघा. व्हिया दे माद्रिदच्या वाफेच्या नळावर गोळा बसला, ती जागीच थांबली, तिला ओढून बाहेर काढावं लागलं. बेरेन्गेलाला एवढं भगदाड पडलं की ती कलली. अल्मान्साला दारूकोठाराजवळ आग लागली, कोठारात पाणी सोडा म्हणाले तर तिचा कप्तान सान्चेझ बार्काइझ्तेगी म्हणाला आज दारू भिजवायचा दिवस नाही, आणि आग विझवून परत लढायला आला. नुमान्सियाला पन्नासच्या वर गोळे बसले. एक पत्र्यातून आरपार गेला, आणि मागच्या त्या लाकडात अडकून राहिला. सांगलीच्या मित्रा, हेच ते लाकूड.

पण चिलखत कमरेला असतं, डोक्याला नसतं. मेन्देझ नुन्येझ वर पुलावर, म्हणजे जिथून हुकूम देतात त्या उंच उघड्या माचीवर, उभा होता आणि लढाईच्या सुरुवातीलाच त्याला आठ-नऊ ठिकाणी जखमा झाल्या, पुढची लढाई त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी चालवली. पलीकडे पेरूचा युद्धमंत्री होसे गाल्वेझ ला मेर्सेद नावाच्या बुरुजात होता, तिथला दारूगोळा उडाला आणि तो माणसांसकट गेला. स्पेनचे चाळीसच्या वर मेले, दीडशेहून जास्त जखमी, पेरूची हानीही मोठी. स्पेन म्हणतं आम्ही तोफा गप्प केल्या, पेरू म्हणतं आम्ही त्यांना घालवून दिलं आणि ते परत आले नाहीत. मुलीच्या मैत्रिणीला सांगा, तुझा २ मे बरोबर आहे. स्पेनचा ताफा काही दिवसांत तिथून कायमचा निघून गेला आणि बेटं पेरूचीच राहिली, माझ्या हिशेबात तरी ज्याचं घर त्याच्याकडे राहिलं तो जिंकला.

प्रश्न : मग जगप्रदक्षिणा मुद्दाम केली की परतताना झाली? आणि त्यात एवढं विशेष काय, मॅगेलनची माणसं तर साडेतीनशे वर्षं आधी जाऊन आली होती. (रत्नागिरीहून)

परतताना झाली. आणि माझ्या मते या नौकेचं सगळ्यात मोठं काम हेच, कयाओ नाही. हा प्रश्न रत्नागिरीहून आलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो, तुम्हाला समुद्र समजावून सांगायची गरज नाही.

१० मे १८६६ ला ताफ्याचे दोन भाग झाले. एक भाग केप हॉर्नवरून रिओकडे गेला. नुमान्सिया आणि आणखी काही बोटी पश्चिमेला निघाल्या, अख्खा पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्स, जे तेव्हा स्पेनकडे होतं. का, तर सगळी दक्षिण अमेरिकेची पश्चिम किनारपट्टी आता शत्रूची, एकही बंदर उघडं नाही, कोळसा मिळणार नाही, भाजी मिळणार नाही. आधीच महिनोन्महिने बोटीवर काढलेले लोक, जखमी, आणि खायला खारवलेलं मांस नि बिस्किटं. व्हायचा तो स्कर्व्ही झाला, म्हणजे ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणारा आजार. हिरड्या सुजून काळ्या पडतात, दात हलतात, जुनी भरलेली जखम परत उघडते. ताहितीला पापीती बंदरात पोचले तेव्हा पुष्कळ माणसं आडवी होती, तिथे ताजी फळं मिळाली म्हणून उभी राहिली. ८ सप्टेंबरला मनिला.

आता तळाचं बघा. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढतात आणि तळ खरवडतात ते मी लहानपणापासून बघितलंय, शेवाळ, त्या पांढऱ्या खरखरीत टोप्या चिकटलेल्या, कोयत्याच्या पाठीने काढताना कर्र कर्र आवाज येतो, एका सीझनमध्ये बोट निम्मी जड होते असं मच्छीमार सांगतात. लाकडी जहाजाला तळाला तांब्याचा पत्रा ठोकायचे, तांब्याला हे जीव चिकटत नाहीत. लोखंडी जहाजाला तो ठोकता येत नाही, कारण खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकत्र आलं की लोखंड गंजून खलास. म्हणजे नुमान्सिया उष्ण समुद्रात महिनोन्महिने उघड्या लोखंडी तळाने फिरतेय, खाली अख्खी बाग उगवलीय, वेग घसरलाय, आणि त्याची भरपाई करायची कशाने तर जास्त कोळसा जाळून. आणि कोळसा आपणहून जळत नाही.

आमच्या गावात एक म्हातारे खलाशी होते, विलायती बोटींवर आगवाला, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, म्हणून आयुष्य काढलेले. कोकणातल्या घराघरात असे आगवाले, कोळसेवाले, सारंग, टंडेल होते हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत बारीक पांढरे डाग होते, भट्टीचं दार उघडलं की उडणाऱ्या ठिणग्यांचे. ते सांगायचे, फावडं मारणं सोपं, सगळ्यात वाईट म्हणजे लांब सळईने जळता थर फोडून खालची राख ओढायची, तेव्हा तोंड भट्टीच्या समोर ठेवावंच लागतं, आणि बोट हलत असते. मी नुमान्सियाबद्दल वाचतो तेव्हा मला पुलावरचा जखमी ॲडमिरल नंतर दिसतो, आधी हे हात दिसतात.

१८६७ च्या जानेवारीत ती मनिलाहून निघाली. बटाव्हिया म्हणजे आताचं जकार्ता, मग हिंदी महासागर सरळ कापून केप ऑफ गुड होप, सेंट हेलेना, रिओ, आणि २० सप्टेंबर १८६७ ला कादिझ. सुएझ कालवा १८६९ चा, त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालण्याला पर्यायच नव्हता. २ वर्षं, ७ महिने, १६ दिवस. मॅगेलनच्या माणसांपैकी एल्कानो पहिला परत आला १५२२ मध्ये, लाकडी बोटीने, शिडावर, त्याचं मोठेपण कोणी काढून घेत नाही. पण सात हजार टनांची लोखंडी पेटी, जिला ओलांडता येतील का महासागर असा प्रश्न होता, ती युद्ध करून, गोळे खाऊन, जगाला वळसा घालून घरी आली ही पहिलीच. तिच्यावर लॅटिनमध्ये पाटी बसवली, चिलखत घालून पृथ्वीभोवती फिरलेली पहिली नौका अशा अर्थाची.

प्रश्न : आपल्या मुंबईत असल्या चिलखती बोटी कधी होत्या का? नुमान्सिया मुंबईला आली होती का?

आली नव्हती, तिच्या वाटेत मुंबई नव्हतीच. पण मुंबईच्या बंदरात दोन चिलखती नौका तीसेक वर्षं होत्या, मॅग्डाला आणि ॲबिसिनिया. दोन्ही १८७० मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यात उतरवल्या, खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी. १८६८ मध्ये मुंबईहून फौज ॲबिसिनियाच्या (म्हणजे आताच्या इथिओपियाच्या) स्वारीवर गेली होती आणि मॅग्डाला हा तिथला किल्ला पडला, त्यावरून नावं. नुमान्सियापेक्षा एकदम वेगळी जात, डेक पाण्याला टेकेल इतका खाली, डोलकाठ्या-शिडांचा पसारा नाही, आणि बाजूला ओळीने तोफा असण्याऐवजी फिरत्या दोन बुरुजांत मिळून चारच पण मोठ्या १० इंची तोफा. त्यांना लढायची वेळ आलीच नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकून टाकल्या.

प्रश्न : नुमान्सियाने राजाला आणलं आणि पुढे राजाविरुद्धच बंड केलं असं कुठेतरी वाचलं. नीट समजलं नाही. (नागपूरहून)

थोडी गल्लत आहे. राजाला आणलं हे बरोबर, त्यानंतरचं १८७३ चं मोठं बंड मात्र प्रजासत्ताकाविरुद्ध झालं.

१८६८ मध्ये स्पेनच्या राणीला घालवून दिलं, मग नवा राजा शोधता शोधता इटलीचा राजपुत्र आमादेओ सापडला. त्याला आणायला नुमान्सिया इटलीला गेली, ३० डिसेंबर १८७० ला तो कार्ताहेना बंदरात उतरला, आणि ज्याने त्याला राजा केलं तो जनरल प्रिम त्याच दिवशी माद्रिदमध्ये मेला, तीन दिवस आधी त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. बिचारा आमादेओ दोन वर्षांत कंटाळून निघून गेला आणि फेब्रुवारी १८७३ मध्ये स्पेन प्रजासत्ताक झालं.

आता कार्ताहेनाच्या लोकांचं म्हणणं असं की प्रजासत्ताक वरून माद्रिदने द्यायचं नसतं, खालून गावागावाने उभं करायचं असतं, प्रत्येकाचा आपला कँटन, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः बघणारा छोटा प्रांत. १२ जुलै १८७३ ला त्यांनी उठाव केला. किल्ल्यावर लाल झेंडा हवा होता, सापडला तुर्कस्तानचा, मग एका स्वयंसेवकाने स्वतःची शीर कापून रक्ताने त्यावरची चंद्रकोर रंगवली असं सांगतात. बंदरात स्पेनच्या आरमाराचा सगळ्यात दमदार भाग उभा होता, उठावाचा पुढारी आन्तोनेते गाल्वेझ (हा पेरूतला गाल्वेझ नव्हे) बोटीबोटीवर गेला, खलाशी त्याच्या बाजूला आले, अधिकारी उतरून निघून गेले. नुमान्सिया बंडखोरांची झाली.

माद्रिद सरकारने या बोटी चाचेगिरी करतायत असं जाहीर केलं, म्हणजे आपलीच नौका आपल्याच कागदावर चाची! ११ ऑक्टोबरला पोर्तमानजवळ सरकारी ताफ्याशी लढाई झाली, आणि तिथे अधिकारी नसण्याची किंमत कळली. नुमान्सिया वेगाने एकटीच पुढे गेली, सोबतच्या मागे राहिल्या, लढाई विस्कटली आणि कँटनवाले बंदरात परतले. आणि त्याच महिन्यात, रात्री चालताना, नुमान्सियाने चुकून आपल्याच बाजूच्या फेर्नान्दो एल कातोलिको या बोटीला धडक दिली. ती बोट काही मिनिटांत बुडाली, कितीतरी माणसं गेली. नुमान्सियाच्या आयुष्यात तिने बुडवलेली बोट ही, आपल्याच माणसांची. हे वाचल्यापासून कयाओच्या गोळ्यांपेक्षा मला हीच रात्र जास्त आठवते.

सहा महिने वेढा सहन करून १८७४ च्या जानेवारीत कार्ताहेना पडलं. १२ जानेवारीला नुमान्सिया शेकडो माणसांना घेऊन, त्यात बायका-मुलं पण, नाकेबंदी फोडून निघाली आणि अल्जीरियात ओरानजवळ पोचली. फ्रेंचांनी माणसं उतरवून घेतली आणि बोट काही दिवसांत स्पेनला परत केली.

प्रश्न : १८९८ च्या युद्धात अमेरिकेने स्पेनचा ताफा बुडवला. नुमान्सिया त्यात कशी वाचली?

नव्हतीच तिथे. दुरुस्ती आणि बदलासाठी फ्रान्समध्ये गेली होती, जिथे जन्मली त्याच ला सेनला. मनिला आणि सान्तियागोला स्पेनचं आरमार संपलं आणि ही म्हातारी शाबूत राहिली.

प्रश्न : तुम्ही मागच्या वेळी एका ओळीत "शेवटचं बंड" लिहून सोडून दिलंत. ते सांगा ना.

हो, ते सोडायला नको होतं. ऑगस्ट १९११, टँजिअरजवळचं पाणी. नौका आता किनारी राखणीची, म्हातारी, गंजकी. काही खलाशांनी प्रजासत्ताकासाठी उठाव करायचं ठरवलं, बोट ताब्यात घ्यायची आणि झेंडा फडकवायचा. थोड्याच वेळात तो मोडला गेला. त्यांच्या पुढे होता अन्तोनिओ सान्चेझ मोया, आणि तो कोण तर फोगोनेरो. म्हणजे भट्टीवरचा माणूस. आपल्या भाषेत आगवाला. काही दिवसांत लष्करी कोर्टाने त्याला गोळ्या घातल्या, त्याच्या साथीदारांना तुरुंग.

मेन्देझ नुन्येझच्या नावाचे रस्ते स्पेनच्या कितीतरी गावांत आहेत, त्याच्या नावाच्या नौका एकामागून एक झाल्या, आजही एक आहे. सान्चेझ मोयाचं नाव मला हे उत्तर लिहिताना शोधून काढावं लागलं. पुढच्याच वर्षी नौकाही यादीतून गेली.

लिस्बनच्या मित्राला शेवटचं एक. परत सेझिंब्राला गेलात तर डायव्हिंगवाल्याला सोबत घेऊनच उतरा, तुटलेलं लोखंड धारदार असतं आणि लाट आली की माणूस त्यावर आपटतो. आणि खाली बॉयलरचा एखादा तुकडा अजून शिल्लक असेल तर त्याचा फोटो काढून पाठवा, पुढच्या अंकात छापू.